‘स्वतः’ आणि ‘सेल्फ’
(बी. ए. भाग २, कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर)

पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला उभे करून इंग्रजीत आपली ओळख करून द्यायला सांगितले. माझी पाळी आली तेव्हा मी ‘मायसेल्फ’ म्हणून पुढे माझे नाव सांगितले. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. मी खाली बसले, पण नेमके कशाला हसले ते मला कळले नाही. सरांनी हसणाऱ्यांना गप्प केले आणि एवढेच म्हणाले, “हिचे इंग्रजी चुकले, पण तिच्या मनातले मराठी वाक्य चुकलेले नाही. दोन्हींत फरक काय, ते शोधून काढा.”

तास संपला, सगळे विसरले. मी मात्र विसरू शकले नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे चूक झाली की घरी विचारायला कोणी नसते. वही काढून आपणच शोधावे लागते. त्या शोधात जे हाती लागले ते माझ्यासारख्याच इतर विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे. विषय लहानसा आहे: इंग्रजीतील ‘सेल्फ’ जोडलेली सर्वनामे आणि त्यांच्या आधी येणारी शब्दयोगी अव्यये. प्राध्यापक मंडळींना यात नवे काही सापडणार नाही. पण चूकभूल त्यांनी अवश्य दाखवून द्यावी.

एका शब्दाची दोन कामे

मराठी व्याकरणात ‘आपण’ आणि ‘स्वतः’ यांना आत्मवाचक सर्वनामे म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. शाळेत आपण जे व्याकरण शिकलो त्याची घडण अशा ग्रंथांतून झाली आहे. शाळेतला एक नियम बहुतेकांना आठवत असेल: आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या आरंभी येत नाही. ‘तो आपण होऊन आला’ यात ‘आपण’ आत्मवाचक. ‘आपण बाजारात जाऊ’ यात ते पुरुषवाचक.

‘स्वतः’ हा शब्द दोन कामे करतो. ‘मी स्वतः गेले’ यात तो केवळ जोर देतो. तो काढून टाकला तरी ‘मी गेले’ हे वाक्य उभे राहते. ‘मी स्वतःला विचारले’ यात मात्र तो काढता येत नाही, कारण क्रिया करणारी मी आणि जिला विचारले तीही मीच, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे आहे. इंग्रजीतील ‘मायसेल्फ’, ‘हरसेल्फ’, ‘इटसेल्फ’ हे शब्दही हीच दोन कामे करतात. पण दोन्ही कामांत त्यांना आधार लागतो. जोर द्यायचा तर ‘आय’ किंवा ‘शी’ हा कर्ता वाक्यात असावा लागतो. परत फिरायचे तर ज्याच्याकडे फिरायचे तो असावा लागतो. ‘मायसेल्फ’ हा शब्द एकटा कर्त्याच्या खुर्चीत बसू शकत नाही. माझी चूक ती हीच. माझ्या मनात ‘मी स्वतः अमुक अमुक’ असे वाक्य होते. त्यातला ‘मी’ गळला आणि नुसते ‘स्वतः’ इंग्रजीत उतरले. ‘आय ॲम’ म्हणून नाव सांगितले असते तर काम झाले असते.

कर्त्याकडे परतणारी वाट

आता शब्दयोगी अव्ययांकडे वळू. मराठीत ती नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतात: स्वतःशी, स्वतःबद्दल, स्वतःजवळ. इंग्रजीत ती आधी येतात आणि सुटी राहतात: ‘टू’, ‘अबाउट’, ‘बिसाइड’.

इंग्रजीत काही क्रियापदे ठरावीक अव्यय सोबत घेऊनच चालतात. ‘लुक ॲट’ म्हणजे पाहणे, ‘टॉक टू’ म्हणजे बोलणे, ‘लाफ ॲट’ म्हणजे हसणे, ‘बिलीव्ह इन’ म्हणजे विश्वास ठेवणे. ‘अशेम्ड ऑफ’ आणि ‘प्राउड ऑफ’ या जोड्याही अशाच. अशा ठिकाणी क्रिया कर्त्याकडेच परतत असेल तर सेल्फ-सर्वनाम घालावेच लागते. ‘शी वॉज अशेम्ड ऑफ हरसेल्फ’ म्हणजे तिला स्वतःचीच लाज वाटली. ‘शी वॉज अशेम्ड ऑफ हर’ म्हटले की लाज दुसऱ्याच कोणा बाईची वाटली असा अर्थ होतो. एका ‘सेल्फ’ने माणूस बदलतो. परीक्षेत याला अर्धा गुण असेल, पण पत्रात किंवा अर्जात असे वाक्य गेले तर गुणांपेक्षा मोठा घोटाळा होऊ शकतो.

येथे कर्ता कोण हे नीट पाहावे लागते. ‘आईने मला स्वतःची काळजी घ्यायला सांगितले’ या वाक्यात सांगणारी आई. पण काळजी घेणारी मी. म्हणून इंग्रजीत ‘मदर टोल्ड मी टू टेक केअर ऑफ मायसेल्फ’ असे होईल. ‘टेक केअर’ या क्रियेचा कर्ता वाक्यात उघड दिसत नाही, तरी तो मीच आहे. ‘हरसेल्फ’ येथे चालणार नाही. आईची काळजी मी घ्यायची असेल तर साधे ‘हर’ पुरे. सेल्फ-सर्वनामाची धाव आपल्याच क्रियेच्या कुंपणापर्यंत असते, हे सूत्र मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

मराठीतले ‘आपण’ मात्र कुंपणावरून उडी मारते. ‘सखू म्हणाली, की आपण उद्या येणार नाही.’ येथे ‘आपण’ म्हणजे सखूच, आणि ती तर अलीकडच्या वाक्यात आहे. इंग्रजीत अशा ठिकाणी साधे ‘शी’ येते; ‘हरसेल्फ’ त्या जागी बसत नाही. तेलुगू आणि कन्नड भाषांतील ‘तानु’ हे सर्वनामही आपल्या ‘आपण’प्रमाणे लांबवर पोचते. काशी वाली आणि के. व्ही. सुब्बाराव या भाषाशास्त्रज्ञांनी मराठी आणि तेलुगू यांतील सर्वनामांच्या वर्गवारीवर १९९१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या सोलापुरात एकाच बोळात ऐकू येणाऱ्या दोन भाषा जगाच्या भाषाशास्त्रात पुरावा म्हणून मांडल्या गेल्या, हे वाचून मला फार बरे वाटले.

टोपली कोणाजवळ ठेवली?

माझी सर्वांत जास्त लाल शाई ज्या ठिकाणी सांडली ते आता सांगते. ‘बाईने टोपली स्वतःजवळ ठेवली’ याचे भाषांतर मी ‘द वुमन केप्ट द बास्केट बिसाइड हरसेल्फ’ असे केले होते. नुकताच शिकलेला नियम मी पाळला होता, तरी वाक्य खोडले गेले. बरोबर वाक्य होते: ‘द वुमन केप्ट द बास्केट बिसाइड हर.’

याचे कारण असे. येथे ‘बिसाइड’ हे अव्यय ‘केप्ट’ या क्रियेने मागून घेतलेले नाही. ते फक्त जागा दाखवते. टोपली ठेवली, ती कुठे, तर तिच्या बाजूला. केवळ जागा किंवा सोबत दाखवणारे अव्यय असेल तेव्हा इंग्रजी बहुधा साध्या सर्वनामावर भागवते. ‘शी लुक्ट बिहाइंड हर’ म्हणजे तिने मागे वळून पाहिले. ‘टेक ॲन अम्ब्रेला विथ यू’ म्हणजे छत्री बरोबर घे. ‘ही हॅड नो मनी विथ हिम’ म्हणजे त्याच्याजवळ पैसे नव्हते. यांत कोठेही ‘सेल्फ’ नाही. वस्तू अंगाला लागूनच असेल, जसे चादर अंगाभोवती गुंडाळणे, तर ‘अराउंड हर’ आणि ‘अराउंड हरसेल्फ’ ही दोन्ही रूपे आढळतात.

मराठी या ठिकाणी उलट वागते. ‘तिने टोपली तिच्याजवळ ठेवली’ असे म्हटले तर ऐकणारा बहुधा दुसऱ्याच कोणा बाईकडे पाहील. ‘आपल्याजवळ’ किंवा ‘स्वतःजवळ’ म्हटले म्हणजे शंका राहत नाही. म्हणजे या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा अधिक काटेकोर आहे. ‘सखूने गंगूला आपली कात्री दिली’ आणि ‘सखूने गंगूला तिची कात्री दिली’ यांतला फरक आपल्याला सहज कळतो. पहिल्या वाक्यात कात्री सखूची. दुसऱ्यात ती गंगूची, नाहीतर तिसरीच कोणाची तरी. इंग्रजीत दोन्हींना ‘हर सिझर्स’ एवढेच म्हणता येते. कात्री कोणाची ते मागच्यापुढच्या वाक्यांवरून ताडायचे. अर्थात प्रथम पुरुषात आपणही ‘मी माझे काम करते’ असेच म्हणतो, कारण तेथे घोटाळ्याला जागाच नसते.

इंग्रजीत असे का झाले, याचा थोडा इतिहास आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आत्मवाचक म्हणून वेगळे सर्वनामच नव्हते. ‘हिम’ हे एकच सर्वनाम दुसऱ्यासाठीही वापरत आणि स्वतःसाठीही. ‘सेल्फ’ हा नुसता जोर देणारा शब्द होता. पुढे तो सर्वनामाला कायमचा चिकटला आणि क्रिया उलटून कर्त्यावर येते तेथे त्याने आपले ठाणे मांडले. जागा दाखवणाऱ्या अव्ययांपाशी मात्र जुनी चाल बरीचशी तशीच राहिली. तेव्हा ‘बिसाइड हर’ हा काही लहरी अपवाद नव्हे, ती जुनी खूण आहे, हे लक्षात आल्यावर मला तो पाठ करावा लागला नाही.

अव्यय बदलले की अर्थ बदलतो

मग ‘बिसाइड हरसेल्फ’ इंग्रजीत नाहीच का? आहे, पण त्याचा टोपलीशी संबंध नाही. ‘शी वॉज बिसाइड हरसेल्फ विथ जॉय’ म्हणजे आनंदाने तिला भान उरले नाही. माणूस जणू स्वतःच्या बाहेर येऊन उभा राहतो. हिंदी-उर्दूत रागाने बेभान झालेल्या माणसाला ‘आपे से बाहर’ म्हणतात, त्यातली कल्पना हीच. माझ्या खोडलेल्या वाक्यातील ती बाई म्हणजे टोपली ठेवता ठेवता देहभान हरपलेली बाई झाली होती!

असे ठरलेले प्रयोग आणखी आहेत. त्यांत ‘स्वतः’ हा शब्द डोळे मिटून घालून चालत नाही. नेहमी लागणारे तेवढे येथे देते.

‘बाय’: ‘शी लिव्हज बाय हरसेल्फ’ म्हणजे ती एकटी राहते. ‘शी डिड द सम बाय हरसेल्फ’ म्हणजे तिने कोणाच्या मदतीवाचून गणित सोडवले. ‘द डोअर ओपन्ड बाय इटसेल्फ’ म्हणजे दार आपोआप उघडले. एकटी, कोणाच्या मदतीवाचून, आपोआप: मराठीत तीन वाटा, इंग्रजीत एकच.

‘फॉर’: ‘सी फॉर युवरसेल्फ’ म्हणजे आपल्या डोळ्यांनी पाहा. ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ म्हणजे आपल्या डोक्याने विचार कर. याचे ‘स्वतःसाठी विचार कर’ असे भाषांतर केले तर स्वार्थी हो असा उपदेश होईल.

‘टू’: ‘शी वॉज टॉकिंग टू हरसेल्फ’ म्हणजे ती स्वतःशी बोलत होती. ‘कीप इट टू युवरसेल्फ’ म्हणजे हे मनातच ठेव. ‘ही कीप्स टू हिमसेल्फ’ म्हणजे तो कोणात मिसळत नाही. ‘शी हॅड द रूम टू हरसेल्फ’ म्हणजे खोली तिला एकटीला मिळाली. हे शेवटचे वाक्य मला समजायला सर्वांत अवघड गेले. व्याकरण कठीण होते असे नाही. आमच्या घरात असे कधी घडतच नाही.

‘इन’: ‘हार्ड वर्क इज अ रिवॉर्ड इन इटसेल्फ’ म्हणजे कष्ट हेच मुळात बक्षीस.

‘अमंग’ आणि ‘बिट्वीन’: ‘दे क्वॉरल्ड अमंग देमसेल्व्हज’ म्हणजे ते आपापसांत भांडले. ‘बिट्वीन अवरसेल्व्हज’ म्हणजे ही गोष्ट आपल्या दोघांतच राहू दे.

गंमत अशी, की मराठीतले ‘आपोआप’, ‘आपापसांत’, ‘आपणहून’ हे शब्द ‘आप’च्या घरातलेच आहेत. त्यांच्याकडे आपण सर्वनाम म्हणून कधी पाहिलेलेच नसते.

‘घे’ नावाचे अव्यय

शेवटचा मुद्दा मला पुस्तकात नाही, गावात सापडला. कुंभारी हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचे गाव. कर्नाटकाची हद्द दूर नसल्याने येथे मराठीइतकीच कन्नड ऐकू येते. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची मोठी वसाहत २००६ साली येथे उभी राहिली. तिच्यामुळे तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे आली, तशीच दख्खनी बोलणारी मुसलमान कुटुंबेही आली. एका नळावर चार भाषा चालतात.

‘फॉर युवरसेल्फ’ याला मराठीत काय म्हणायचे याचा मी विचार करत होते. ‘स्वतःसाठी चहा कर’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण घरात असे कोणी बोलत नाही. आई म्हणते, ‘चहा करून घे.’ त्या ‘घे’मध्ये ‘स्वतःसाठी’ आले. ‘लिहून दे’ म्हटले की लाभ दुसऱ्याचा. ‘लिहून घे’ म्हटले की आपला. (कामगारांकडून काम करून घेणे, हा ‘घेणे’चा आणखी एक अर्थ आहे, तो वेगळा.) इंग्रजी जे काम अव्यय आणि सेल्फ-सर्वनाम मिळून करते, ते मराठीत एक सहायक क्रियापद करते.

मग मी नळावर कान देऊन ऐकले. दख्खनी बोलणारी म्हणते, ‘लिख ले.’ कन्नड बोलणारी म्हणते, ‘बरेदुको.’ शेजारची तेलुगू आजी नातवाला म्हणते, ‘रासुको.’ कन्नडातील हा ‘को’ ‘कोळ्ळु’ या क्रियापदाचा आणि तेलुगूतील ‘कोनु’ याचा. दोन्हींचा मूळ अर्थ घेणे. मराठी आणि दख्खनी एका कुळातल्या भाषा, कन्नड आणि तेलुगू दुसऱ्या कुळातल्या. पण शेजाराने चौघींनी एकच रीत धरली आहे. तेलुगूत तर ‘शीक’ म्हणायचे झाले तरी ‘नेर्चुको’ असे म्हणतात. शिकण्यातच ‘घेणे’ बसलेले आहे. शिकवणारा देतो, पण शिकणाऱ्याला ते स्वतःसाठी घ्यावेच लागते.

भाषांतर करताना

या सर्वांवरून मी माझ्यापुरती एक पद्धत ठरवली आहे. मराठी वाक्यात ‘स्वतः’ किंवा ‘आपला’ दिसला की लगेच ‘सेल्फ’ लिहायचे नाही. आधी पाहायचे, की तो फक्त जोर देतो की क्रिया परत फिरवतो. मग त्या क्रियेचा खरा कर्ता कोण ते पाहायचे. तो दडलेला असेल तर शोधायचा. नंतर अव्यय क्रियापदाने मागितलेले आहे की केवळ जागा दाखवते ते पाहायचे. जागा असेल तर साधे सर्वनाम. ठरलेला प्रयोग असेल तर शब्दाला शब्द न लावता अर्थाला अर्थ लावायचा. आणि मराठीत ‘स्वतः’ नसून ‘घे’, ‘आपोआप’, ‘एकटी’ असे शब्द असतील तेथेही सेल्फ-सर्वनाम लागण्याचा संभव असतो, हे विसरायचे नाही.

यंदा इंग्रजी निबंधात मी लिहिले होते, ‘आय केम टू कॉलेज बाय मायसेल्फ.’ मला म्हणायचे होते, की मी स्वतःच्या हिमतीवर येथवर आले. या वेळी सरांनी वाक्य खोडले नाही. ‘बाय’ या शब्दाखाली फक्त रेघ ओढून समासात लिहिले, ‘अर्थ पुन्हा पाहा.’ मी पाहिला. एकटीने, कोणाच्या मदतीवाचून. व्याकरण शुद्ध होते, वाक्य खोटे होते. आई हजार विड्या वळते तेव्हा तिला हजाराची मजुरी मिळते, आणि त्या मजुरीतून माझा एस.टी.चा पास निघतो. ती सुपात पाने घेऊन बसली की मी समोर वही घेऊन बसते. मान वर न करता ती म्हणते, ‘शिकून घे.’

ते वाक्य मी निबंधातून काढून टाकले. आईच्या वाक्याचे इंग्रजी ‘लर्न इट फॉर युवरसेल्फ’ असे होईल काय, हे मी सरांना विचारले. ते म्हणाले, “व्याकरणाने होईल.” पुढे ते काही बोलले नाहीत. मीही ते वहीत मराठीतच ठेवले आहे.